धुळाप्पांचा एकच प्रश्न

पाहुणे यायच्या आधी वर्षाराणीनं डिक्शनरी उघडून ‘रन’ हा शब्द दाखवला आणि धुळाप्पा थक्क झाले. पानं उलटली तरी त्या एका शब्दाचे अर्थ सरेनात.

“नाक वाहिलं तरी रन, अन् इलेक्शनला उभारलं तरी रनच?”

“व्हय आण्णा. दुकान चालवलं तरी रन.”

“आगायाया! एवढासा शब्द, अन् राबतोय किती!” मुरुम गावच्या बाजारात हयात घालवलेल्या धुळाप्पांनी पुस्तकाला हात लावून कपाळाला लावला.

पाहुणे म्हणजे वर्षाराणीला बघायला येणारे, नळदुर्गला इंग्रजी शिकवणारा मल्हार आणि त्याचे चुलते बंडप्पा. मल्हार तिला मनापासून आवडला होता. अडचण चुलत्यांची होती. पोहे खायचे, “कळवतो” म्हणायचं आणि उठायचं, असं करत त्यांनी बरीच घरं पालथी घातली होती. मुलीच्या घरी जेवलं की सोयरीक पक्की, हा रिवाज ते कडक पाळत.

आजही पोहे संपले. बंडप्पा टोपी सारखी करू लागले, तोच धुळाप्पांनी मल्हारला हात जोडले.

“पावणं, ‘रन’चे अर्थ जरा सांगा की.”

मल्हारची कळी खुलली. नदी वाहते, मोटर चालते, कपड्याचा रंग जातो... प्रत्येक अर्थाला धुळाप्पा “आगायाया!” म्हणत होते. शेजारी दारात जमले. बंडप्पांनी आधी घड्याळ बघितलं, मग मांडी घातली.

ऊन डोक्यावर आलं. आत वर्षाराणीच्या आईनं, हरणाबाईंनी, घरच्यांसाठी मटणाचा रस्सा केला होता. त्याचा वास ओसरीवर आला.

“काका, निघायचं का?”

“गप. मधीच कुठं उठतूस? फुडं सांग.”

“जेवता जेवता ऐकू की,” धुळाप्पा सहज म्हणाले.

ऐकण्याच्या नादात बंडप्पा ताटावर बसले. भाकरी कुस्करून दोन घास खाल्ल्यावर त्यांचा हात थबकला. त्यांनी एकदा ताटाकडं, एकदा पोरीकडं बघितलं.

“आता काय, पक्कंच की! रस्सा वाढा.”

पाहुणे गेल्यावर धुळाप्पांचा ऊर भरून आला. “एका शब्दानं लेकीचं लगीन जमवलं! लई मोठा शब्द.”

वर्षाराणी पुस्तक मिटायला गेली. पुढच्या पानांत मोरपिसाची खूण होती.

“ही कशाची गं?”

“‘सेट’ची. त्येचे अर्थबी लई हायत. काका ‘रन’ संपल्यावर उठलेच असते, तर ह्यो लागला असता.”

सकाळी पुस्तकाला लावलेला हात धुळाप्पांनी लेकीच्या डोक्यावर ठेवला.