डाव्या हाताची रोजनिशी

नऊ फेब्रुवारी, मंगळवार. आकाश निरभ्र, वारा पडलेला, सकाळी किंचित गारवा. एवढे टिपून डावऱ्यांनी ठरवले, की मेव्हण्याला यंदा घरात घ्यायचे नाही.

(डावरे हे काही त्यांचे आडनाव नव्हे. डाव्या हाताने लिहितात म्हणून नकाशा कार्यालयात पडलेले नाव. पगारपत्रक सोडून सगळीकडे तेच चाले.)

मेव्हणा रविवारी 'चार दिवसांसाठी' येणार होता. मागचे चार दिवस अकरा आठवडे चालले होते. डावऱ्यांनी दौतीत टाक बुडवून लिहिले, 'कारण सांगणे – घर रंगवायला काढले.' मग नेहमीप्रमाणे डाव्या हातावर गाल टेकवून ते विचारात पडले. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, सगळं घर रंगवणार की एकच खोली?"

चहा बशीत हिंदकळला.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच," म्हणून ती आत गेली.

पाठीमागून डोकावली असणार. बुधवारी डावऱ्यांनी दाराला कडी घातली, भिंतीला पाठ लावून लिहिले, वही ड्रॉवरमध्ये कोंडली आणि किल्ली बनियनमध्ये टाकून मगच कडी काढली. मजकूर होता, 'कंबर धरली असे सांगणे.'

"कंबर शेकायला पाणी तापवू का?" बायकोने चहाबरोबर विचारले.

आता मात्र डावऱ्यांना झोप लागेना. दुसरी किल्ली कुठून आली? की वही उन्हाला धरून मागच्या पानावरून वाचते? गुरुवारी त्यांनी खिडकीला वर्तमानपत्र चिकटवले आणि वहीत मुद्दाम एक धडधडीत खोटे लिहिले, 'निळी फुलदाणी मीच फोडली.' गालाला हात लावून ते सावजाची वाट पाहत बसले.

बायको आली. कप हातातच धरून बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली.

"दोन वर्षं मी शेजारणीशी बोलत नाही," ती म्हणाली. "त्या फुलदाणीपायी. आणि फोडलीत तुम्ही."

"सापडलीस," डावरे म्हणाले. "ते खोटं होतं. वही वाचतेस हे आता कबूल कर."

"तुमचं ते अक्षर वाचायला वेळ कुणाला आहे? उठा."

तिने त्यांना आरशापुढे उभे केले. "काय दिसतं?"

"शाईचा डाग. रोजच असतो. आंघोळीत जातो."

बायकोने कप ठेवला आणि फणीजवळचा छोटा आरसा त्यांच्या गालाशी तिरपा धरला. एका आरशातून दुसऱ्यात पाहताच डावऱ्यांना डाव्या गालावर स्पष्ट वाचता आले, 'फुलदाणी मीच फोडली'. अक्षरे बोडकी होती. आधी सगळी ओळ लिहायची आणि शिरोरेषा शेवटी, उजवीकडून परत येताना ओढायची, ही त्यांची लहानपणापासूनची सवय. ओळीच्या अधेमधे थांबले की पंजाची कड ओल्या शब्दांवर टेके आणि तिथून थेट गालावर जाई. हातावर उलटे, गालावर सुलटे, आरशात पुन्हा उलटे.

"कधीपासून?" त्यांनी खोल गेलेल्या आवाजात विचारले.

"लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून. बावीस वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर मला घरातलं काही कळलं असतं का?" ती म्हणाली. "आता ऐका. रविवारी माझ्या भावाला हसून 'या' म्हणायचं. आणि शेजारणीची माफी मागायला तुम्ही जायचं."

"अगं, पण फुलदाणी मी खरंच फोडली नाही."

"गालावर लिहिलंय."

चौदा फेब्रुवारी, रविवार. ढगाळ, हवा दमट. डावऱ्यांनी पहाटेच मन मोकळे करून लिहिले. गालाला हात लावायचा नाही हे पक्के ध्यानात ठेवून त्यांनी विचार करताना पंजा मानेमागे टेकवला. मग आरशात दोन्ही गाल तपासले. स्वच्छ होते.

मेव्हणा नऊ वाजून दहा मिनिटांनी दोन ट्रंका घेऊन आला. बायको दारातच उभी होती.

"या, या," डावरे तोंडभर हसून म्हणाले. "कितीही दिवस राहा. घर तुमचंच आहे." आणि ट्रंक उचलायला वाकले.

"दाजी," मागून मेव्हण्याचा आवाज आला, "ही 'ब्याद लवकर टळो' म्हणजे कोण?"

शेजारणीची माफी डावऱ्यांनी सोमवारी संध्याकाळी मागितली. मेव्हणा चौदा आठवडे आणि तीन दिवस राहिला.