भेट घरपोच

पोचसाहेबांनी जन्मात कधी आपण होऊन वर्गणी दिली नव्हती. वर्गणीवाले जिन्यात दिसले की ते दिवा बंद करून अंधारात श्वास रोखून बसत. (पंखा चालूच राहायचा, त्यामुळे बाहेर सगळं कळायचं, पण अंधारात पंख्याखाली लपलेल्या माणसाकडून काय मागायचं, असा विचार करून मंडळी निघून जात.) अशा माणसाने एका भर दुपारी, ऑफिसात बसून, कुणी मागितली नसताना, एका व्हिडिओ गेमसाठी वर्गणी भरली.

पोचसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीवर ते सव्वीस वर्षं बसत होते. तक्रार घ्यायची, शिक्का मारायचा, पोच परत द्यायची, कागद वरच्या मजल्यावर पाठवायचा. वरच्या मजल्यावर त्याचं काय होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. बहुतेक वरच्या मजल्यालाही नसावं.

वर्गणीचं कारण त्यांची बायको. ती घरी पडदे शिवायची. दोघांत भांडण नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, निदान बोलणं तरी झालं असतं. मुलगी लग्न होऊन गेली आणि जाताना आपला जुना कॉम्प्युटर मागे ठेवून गेली. त्यावर 'खाणीतला आवाज' नावाचा खेळ होता. एक बहीण हरवलेल्या भावाला शोधायला बंद पडलेल्या मिठाच्या खाणीत उतरते. वाटेत दोर, कंदील, गंजलेल्या किल्ल्या वगैरे गोळा करत जायचं. पोचसाहेबांनी एकदा मागे उभं राहून पाहिलं होतं.

"यात मारामारी नाही?"

"नाही."

"मग करायचं काय?"

"शोधायचं."

यावर पोचसाहेब "बरं" म्हणून पेपर वाचायला गेले होते.

खेळाच्या शेवटी एक बंद दार येतं. मागून भावाचा आवाज येतो, "ताई, आलीस?" आणि पडदा काळा होतो. पुढचा भाग येणार होता. चौदा वर्षं झाली, आला नव्हता. बायको मात्र मुलगी गेल्यापासून दरवर्षी एकदा पहिल्यापासून खेळायची, त्या दारापर्यंत जायची, आवाज ऐकायची, कॉम्प्युटर बंद करायची आणि दोन दिवस गप्प असायची. (एरवीही ती गप्पच असायची, पण हे दोन दिवस पोचसाहेबांनाही ओळखू यायचे.)

आता जगभरातले या खेळाचे वेडे एकत्र आले होते आणि दुसऱ्या भागासाठी वर्गणी गोळा करत होते. बायकोने आपली सगळ्यात छोटी वर्गणी भरल्याचं पोचसाहेबांना दिसलं. तिचा पन्नासावा वाढदिवस जवळ आला होता. त्यांनी ठरवलं, आपण तिच्या नावाने मोठी भरायची. वर्गणीप्रमाणे परतफेड होती: आभाराचं पत्र, टोपी, खाणीचा नकाशा, आणि सगळ्यात खाली, 'निर्मात्याकडून घरी भेट.'

भेट घरी येणार, म्हणजे खोकं येणार, हे उघड होतं. आकडा पाहून ते उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. तेवढेच पैसे घरात न्हाणीघराची गळकी फरशी काढण्यासाठी बाजूला ठेवलेले होते. फरशी सहा वर्षं गळत होती. आणखी सहा महिने गळायला तिची काय हरकत होती? पोचसाहेबांनी बटण दाबलं.

आठवड्याने बायको मशीनवरून उठून मोबाईल हातात घेऊन आली.

"अहो, हे काय आहे? 'घरी भेट घेणारे जगभरातून आपण एकटेच आहात. रविवारी अकराला पोचतो. चार तास थांबेन.'"

"भेट आहे. तुझ्या वाढदिवसाची."

"अहो, माणूस येतोय!"

"भेट घेऊन येत असेल."

"तोच भेट आहे!"

पोचसाहेबांनी पुढच्या वादळासाठी खांदे आवळून घेतले. पण बायको खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "तो? आपल्याकडे?"

त्या आठवड्यात ती जेवढं बोलली तेवढं मागच्या दोन वर्षांत बोलली नव्हती. गिऱ्हाइकांचे पडदे बाजूला ठेवून तिने स्वतःच्या खिडकीला नवा पडदा शिवला. एका वहीत एकतीस प्रश्न लिहिले. पहिला होता: दारामागे कोण आहे? पोचसाहेब आनंदले. मग, खोटं कशाला सांगा, त्यांना जरा झोंबलंही. आपल्यासाठी कुणी पडदा शिवला नव्हता.

रविवारी अकराला निर्माता आला. खांदे पडलेला, दाढी वाढलेला, बुटाची एक नाडी सुटलेली, आणि हातात चार तासांच्या मानाने फारच मोठी बॅग. जेवण झालं. बायकोने हात पुसून वही उघडली.

"दारामागे कोण आहे?"

"मला माहीत नाही," निर्माता म्हणाला.

"म्हणजे आत्ता सांगायचं नाही?"

"म्हणजे माहीत नाही. तेव्हा पैसे संपले, म्हणून एक दार काढलं, मागून आवाज टाकला आणि खेळ विकायला काढला. वाटलं, सुचेल पुढे." तो रिकाम्या ताटाकडे बघत राहिला. "अकरा हजार लोकांनी वर्गणी दिली आहे. रोज विचारतात, कुठवर आलं? काही आलेलं नाही. एक ओळसुद्धा नाही. टेबलाशी बसावं लागू नये म्हणून ही घरभेटीची युक्ती काढली होती, तर तीही फक्त तुम्हीच घेतलीत."

बायकोने वही मिटली. अजून तीस प्रश्न उरले होते.

"जरा पडू का?" निर्माता म्हणाला आणि सोफ्यावर आडवा झाला. तो उठला सोमवारी सकाळी दहाला.

चार तासांचे नऊ दिवस झाले. जा म्हणायचं कुणी? बायको म्हणाली, तुम्ही आणलात, तुम्ही सांगा. पोचसाहेबांनी सव्वीस वर्षांत कुणालाही "नाही" म्हटलं नव्हतं. फक्त पोच दिली होती. शिवाय गडी वाईट नव्हता. नुसता उदास होता. सोफ्यावर बसला की सोफाही उदास दिसायचा. त्याला एकच शौक होता, आंघोळ. पाण्यात विचार सुचतात म्हणे. तो रोज दोन तास न्हाणीघरात बसायचा. विचार काही यायचे नाहीत, पाणी मात्र खाली जायचं.

खाली काकू राहत. काकू तिसऱ्या दिवशी पोचसाहेबांच्या घरी आल्या नाहीत. त्या थेट ऑफिसच्या खिडकीवर आल्या.

"नाव?" पोचसाहेबांनी विचारलं.

"वीस वर्षं तुमच्या खाली राहतेय, आणि नाव विचारता?"

"नियम आहे, काकू. तक्रार कुणाविरुद्ध?"

"तुमच्या!"

पोचसाहेबांनी सुवाच्य अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं, शिक्का मारला, पोच दिली.

"कारवाई कधी?"

"सात दिवसांत," ते सवयीने म्हणाले, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाकडे वळले.

संध्याकाळी ते घरी आले की निर्माता सोफ्यावर सरकून त्यांना जागा करून द्यायचा आणि आपलं दुःख सांगायला लागायचा. पोचसाहेब ऐकायचे. त्यांना दुसरं येतच नव्हतं.

"सुचत नाही, हे कधीपासून आहे?"

"चौदा वर्षं."

"सतत, की अधूनमधून?"

"सतत. सकाळी जास्त."

"दाब कमी वाटतो?"

"दाब? उलट फार आहे हो."

"बरं. बघू."

"तुम्ही फार शांतपणे ऐकता," निर्माता एकदा गहिवरून म्हणाला. "वहिनी नशीबवान आहेत." आतलं मशीन क्षणभर थांबलं आणि नेहमीपेक्षा जोरात सुरू झालं.

बायको पुन्हा गप्प झाली होती. पूर्वीपेक्षाही गप्प. एकतीस प्रश्नांची वही तिने मशीनच्या लटपटत्या पायाखाली सरकवून दिली. पोचसाहेबांनी ते पाहिलं. आपण तिला वाढदिवसाला काय दिलं, याचा त्यांनी हिशेब केला: तिच्याकडे एक दार होतं, त्यामागे कुणीतरी होतं. आता दारामागचं कुणीतरी नाहीसं झालं होतं, आणि सोफ्यावर एक ओला टॉवेल आला होता.

नवव्या दिवशी सकाळी काकू वर आल्या. हातात ताट, ताटात भाकरीएवढा प्लॅस्टरचा तुकडा.

"हे घ्या तुमचं. माझ्या उशीवर पडलं. मी दात घासायला उठले होते म्हणून वाचले! अहो, पाहुणा ठेवलाय की पाणघोडा?"

निर्माता टॉवेल गुंडाळून बाहेर आला. त्याने ताटाकडे पाहिलं. "हे माझ्यामुळे झालं? सगळं माझ्यामुळेच होतं." आणि तो तसाच भिंतीला टेकून खाली बसला आणि रडायला लागला. काकू गांगरल्या. त्या भांडायच्या तयारीने आल्या होत्या, सांत्वनाच्या नव्हे.

मशीन थांबलं. बायको बाहेर आली.

"उठा," ती म्हणाली. "आधी अंग कोरडं करा. आणि दारामागे कोण, ते तुम्हाला सुचायचं नाही. तुम्ही दाराच्या या बाजूला कधी उभेच राहिला नाहीत. मी राहिलेय."

तिने हातातला पडदा खाली ठेवला.

"माझा धाकटा भाऊ घर सोडून गेला, माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी. वडलांशी वाजलं होतं. मी आत सदरा शिवत होते. त्याने दाराबाहेरून हाक मारली, ताई, येतेस का जरा? मी म्हटलं, आलेच, एवढी बाही होऊ दे. बाही झाली. दार उघडलं. जिना मोकळा होता. सदरा त्याचाच होता."

काकूंनी ताट अलगद खाली ठेवलं.

मेहुणा घरातून निघून गेला होता, एवढं पोचसाहेबांना ठाऊक होतं. हाकेचं ठाऊक नव्हतं.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी. तुम्ही पेपर वाचत होतात."

"मी काय म्हणालो?"

"म्हणालात, 'बरं, बघू.'"

पोचसाहेबांना कुठे बघावं कळेना. सव्वीस वर्षं अख्ख्या गावाची नळाची गाऱ्हाणी त्यांनी कान देऊन ऐकली होती. ते बायकोसमोर जमिनीवर बसले, आणि तोंडाला जे आलं ते म्हणाले.

"कुठली बाही होती?"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मग तीही खाली बसली.

"डावी."

"मग?"

मग तिने सांगितलं. स्टँडवर शोधलं ते, वडलांनी सदरा जाळायला काढला ते, आईने तो लपवला ते, आणि पुढे कुठेही "ताई" अशी हाक आली की मान वळायची ते. दुपार झाली. स्वयंपाक राहिला, ऑफिसही राहिलं. काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, माझ्याकडून वाटी-वाटी आमटी आणते, आणि गेल्या. पोचसाहेबांनी एकदाही "बघू" म्हटलं नाही. दोनदा तोंडापर्यंत आलं होतं, त्यांनी गिळलं.

बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की निर्माता खोलीत नाही. तो आत मशीनपाशी फरशीवर पालथा पडून, पायाखालची वही ओढून घेऊन, तिच्या मागच्या पानांवर लिहीत होता. संध्याकाळी त्याने बॅग भरली, बायकोच्या पायाशी वाकला आणि गेला. एक मोजा सोफ्याखाली राहिला.

सात दिवस भरले तेव्हा काकूंच्या तक्रारीवर कारवाईही झाली. सव्वीस वर्षांत वरच्या मजल्याने पहिल्यांदाच हालचाल केली: पोचसाहेबांचं पाणी तोडलं. कागदावर शिक्का इतका ठळक होता, की दुर्लक्ष करणं अवघड गेलं, असं वरून कळलं.

दोन वर्षांनी दुसरा भाग आला. बायको जेवण आटोपून बसली, पोचसाहेब शेजारी खुर्ची घेऊन. आठवडाभर खेळून ती त्या दाराशी आली. "ताई, आलीस?" आणि या वेळी दार उघडलं.

आत भाऊ नव्हता. एक टेबल, पेटलेला कंदील, एक खुर्ची. टेबलावर चहाचा पेला, आणि त्यातून वाफ येत होती. समोरच्या भिंतीत दुसरं दार होतं, उघडं.

बायकोने हात मागे घेतला.

"नाहीये," पोचसाहेब म्हणाले. एवढी वर्गणी देऊन माणूस सापडू नये, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"नाहीये," बायको म्हणाली. मग पेल्याकडे बोट करून म्हणाली, "पण चहा गरम आहे." आणि तशीच बघत राहिली. पोचसाहेबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो राहू दिला.

दुसऱ्या दिवशी निर्मात्याचं पत्र आलं. त्यात शेवटी लिहिलं होतं: 'साहेबांनाही खेळात घेतलं आहे. त्यांच्याशिवाय हे होणं नव्हतं.'

पोचसाहेबांची छाती फुगली. त्यांनी ऑफिसात सांगितलं, काकूंना सांगितलं, मुलीला फोन केला. मग दोघं शोधायला बसली. झुलत्या पुलावरचा पहारेकरी? तो फार उंच होता. कंदील देणारा म्हातारा इंजिनिअर? त्याला केस होते. तीन रविवार गेले. शेवटी बायको पहिल्यापासून निघाली, आणि खाणीच्या तोंडाशी, पायऱ्यांच्या बाजूला, जिथून प्रत्येक जण घाईघाईने आत शिरतो तिथे, ती थबकली. मिठाचा ढीग म्हणून आजवर जिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं, ती एक माणसाची आकृती होती. स्टुलावर बसलेली, मांडीवर रजिस्टर, हनुवटी छातीला टेकलेली, अंगावर मिठाचा थर. नाक नक्की पोचसाहेबांचं होतं.

"दाब, दाब!" पोचसाहेब पुढे सरकले.

बायकोने दाबलं. खेळातली बहीण वळली, आकृतीकडे निरखून पाहत म्हणाली, "यात काही विशेष दिसत नाही."

"नीट दाबलं गेलं नसेल. परत दाब."

"हे पाहून झालंय," बहीण म्हणाली.

"अगं, असं कसं? त्याने पत्रात लिहिलंय, माझ्याशिवाय होणं नव्हतं. आणखी एकदाच."

बायकोने हसू दाबत तिसऱ्यांदा दाबलं. बहीण थांबली. तिचे डोळे चमकले.

"हे मात्र उपयोगी पडेल," ती म्हणाली, आणि पोचसाहेबांच्या खालचं स्टूल काढून घेऊन खाणीत उतरली.