भोईरकाकांचा शटडाऊन

आमच्या शेजारच्या भोईरकाकांच्या घरात बल्ब बदलायचा असेल तर आधी परमिट काढावं लागतं.

मी गंमत करत नाही. छापील फॉर्म आहे. काम कोणतं, किती वेळ, धोका काय, सोबत कोण. खाली दोन सह्या: एक काम करणाऱ्याची आणि दुसरी ज्याच्या हद्दीत काम आहे त्याची. हॉल ही काकांची हद्द, स्वयंपाकघर काकूंची. सह्या झाल्या की काका मेन स्विच बंद करतात, त्याला ‘माणूस कामावर आहे, चालू करू नये’ अशी लाल पाटी अडकवतात आणि मगच स्टुलावर चढतात. स्टूल काकू धरतात.

काका रसायनीच्या एका केमिकल कारखान्यात चौतीस वर्षं होते. शेवटची कित्येक वर्षं बी शिफ्टचे इनचार्ज, म्हणजे दुपारी तीन ते रात्री अकरा. पुढे कारखाना बंद पडला आणि माणसं पांगली, पण मोहोपाड्यातल्या आमच्या वसाहतीत, तळमजल्यावर, तो अजून सुरळीत चालू आहे. काकूंच्या कुकरवर पांढऱ्या रंगात शेवटच्या तपासणीची तारीख आहे. अंगणातल्या चिकूवर ‘जमण्याचे ठिकाण’ अशी पाटी आहे. मुलीला बघायला मंडळी आली तेव्हा पोहे येण्याआधी काकांनी त्यांना उभं करून, आग लागली तर कोणत्या दाराने बाहेर पडायचं ते दाखवलं. मुलाने ‘दार बाहेर उघडतं की आत?’ असं विचारलं. लग्न तिथेच ठरलं.

काकांचं एक वाक्य आहे: “कागदावर नाय म्हणजे झालंच नाय.” दुसरं घाईबद्दल आहे: “घाई करणाऱ्याचं नाव मी एकाच ठिकाणी वाचलंय, बाई. अपघाताच्या रिपोर्टात.”

बाई म्हणजे मी. मी कर्जतच्या एका शाळेत गणित शिकवते आणि शाळेतला प्रिंटर अडला की दोन चापट्या मारून तो चालू करते. एवढ्या भांडवलावर आमच्या वसाहतीत मी कॉम्प्युटरतज्ज्ञ आहे.

तर गेल्या वर्षी काकांच्या कॉम्प्युटरवर सूचना येऊ लागली: तुमच्या विंडोजचा आधार संपत आला आहे, नवी घ्या. माझ्या कॉम्प्युटरवरही ती येत होती. मी रोज ‘नंतर आठवण करा’ दाबायचे. काकांनी सूचनेचा फोटो काढला, छापून फाइलला लावला आणि मला बोलावलं.

“बॉयलरला अशी नोटीस आली असती तर आपण काय केलं असतं?”

“काका, मी बॉयलर पाहिलेला नाही.”

“शटडाऊन घेतला असता, सगळं बंद ठेवून दुरुस्ती. पूर्ण. रविवारी सकाळी सात वाजता. तुम्ही कंत्राटदार.”

परमिटवर खरंच ‘कंत्राटदार: बाई’ असं लिहिलेलं होतं. धोक्याच्या रकान्यात दोनच ओळी होत्या. एक, वीज जाणे. दोन, बी शिफ्ट जाणे.

बी शिफ्ट ही एक यादी होती. शिफ्टमधल्या कारकुनाने कधीकाळी हजेरीसाठी एक छोटा प्रोग्रॅम बनवला होता, त्यातली. एक्केचाळीस माणसं, प्रत्येकाचं नाव, टोकन नंबर, रक्तगट, जन्मतारीख, घरचा फोन. काकांच्या कॉम्प्युटरवर मुलीच्या लग्नाचे फोटो होते, पेन्शनचे कागद होते, नातवाचं पहिलं पाऊल होतं. पण काका म्हणाले, “ते गेलं तर मुलीकडे मिळेल. बी शिफ्ट दुसरीकडे कुठेच नाय.”

मी म्हटलं, “काका, कारखानाच नाही, तर हजेरी कोणाची घेणार?”

काकांनी माझ्याकडे, हेल्मेट न घालता टाकीवर चढलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

खबरदारी म्हणून तीन पेनड्राइव्हवर तीन कॉप्या काढायच्या ठरल्या. मी हात पुढे केला, तर काका म्हणाले, “कॉपी मी करणार. हे काम कंत्राटदारावर सोडत नाहीत.” एक पेनड्राइव्ह त्यांच्या खिशात राहिला, एक माझ्या कपाटात आला. तिसरा कारखान्याच्या हद्दीबाहेर हवा, असा नियम. म्हणून आम्ही स्कूटरवरून लोधिवलीला गेलो, त्यांच्या बहिणीकडे, शेवंताताईंकडे.

“दादा, ह्यात काय हाय रं?” पेनड्राइव्ह उलटसुलट करत ताईंनी विचारलं.

“एक्केचाळीस माणसं.”

“जेवली का मंग?”

काकांनी पोच पावतीवर सही मागितली. ताईंनी सही केली, पेनड्राइव्ह तांदळाच्या डब्यात खोचला आणि मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, “वयनीला कळवलंय ना गं? डोक्याचं कायतरी असंल तर लवकर दाखवलेलं बरं.”

रविवार उजाडला. मी चपलेत आले म्हणून मला परत पाठवून बूट घालायला लावलं. कॉम्प्युटरशेजारी वाळूची बादली होती. स्विचबोर्डाला ‘हात लावू नये’ अशी लाल पाटी होती, आणि मिक्सर त्याच बोर्डावर असल्यामुळे इडल्या चटणीविना होत्या. काकूंनी परमिटवर सही करताना शेऱ्यात लिहिलं, ‘चटणी नाही. जबाबदारी यांची.’ काकांनी तो शेरा वाचून त्याखाली ‘नोंद घेतली’ असं लिहिलं.

काम सुरू झालं. मध्येच पडद्यावर प्रश्न आला: फाइली आणि प्रोग्रॅम दोन्ही ठेवायचे, की फक्त वैयक्तिक फाइली?

“शटडाऊनला पाइपांच्या सांध्यातली जुनी पॅकिंग परत बसवतात का?” काका म्हणाले. “प्रोग्रॅम सगळे नवे घालू. फाइली ठेवा.”

मी ‘फक्त फाइली’ दाबलं. माझ्या बचावात सांगते, मी मोठ्याने विचारलं आणि मला मोठ्याने उत्तर मिळालं. कागदावर आहे.

साडेदहाला कॉम्प्युटर नवा कोरा होऊन उठला. लग्नाचे फोटो होते. पेन्शन होती. नातू तीच तीन पावलं टाकून धपकन बसत होता. काकांनी कागदावरच्या एकेका नोंदीपुढे खूण केली आणि ‘बी शिफ्ट’च्या चित्रावर क्लिक केलं.

उघडलं नाही. ‘हे जिथे होतं तिथे आता काही नाही’, अशा अर्थाचं एक वाक्य आलं.

काकांनी खिशातला पेनड्राइव्ह लावला. तेच वाक्य. मी धावत जाऊन माझ्या कपाटातला आणला. तेच.

तेव्हा मला कळलं. काकांनी तीनदा, काळजीपूर्वक, पोच पावतीसह कॉपी केलं होतं ते डेस्कटॉपवरचं चित्र. म्हणजे घर नव्हे, घराकडे बोट दाखवणारी पाटी. यादी त्या जुन्या प्रोग्रॅमच्या पोटात होती आणि प्रोग्रॅम आम्ही जुन्या पॅकिंगसारखा काढून टाकला होता. लोधिवलीत तांदळाच्या डब्यातही पाटीच होती.

मी हे सांगितलं. परमिटवरच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून काका बसून राहिले. काकू ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी टोमणा मारला नाही. तेव्हा मात्र मी घाबरले.

शाळेत आमचाही कॉम्प्युटर असाच बदलला होता, तेव्हा दुरुस्तीवाल्याने सांगितलेलं एक वाक्य मला आठवलं: नवी विंडोज जुनीला लगेच फेकत नाही, काही दिवस एका फोल्डरमध्ये बांधून ठेवते. मी तो फोल्डर शोधला. त्यात जुन्या प्रोग्रॅमांचा ढीग, ढिगात ‘हजेरी’, आणि हजेरीत एक फाइल. उघडली. एक्केचाळीस ओळी.

“आहे, काका.”

“असं नाय. हेडकाउंट घ्या.”

मी नावं वाचत गेले. काका प्रत्येकाला “आहे” म्हणत गेले. सतराव्या नावाला मी थांबले. त्यांच्या अंत्यविधीला काका गेले होते, ते मला आठवत होतं.

“काका, रघुनाथ ठाकूर तर दोन वर्षांपूर्वी...”

“यादीत आहे ना?”

“आहे.”

“मग पुढे.”

एक्केचाळीस भरले. काकांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “आता आजच्या तारखेला कोण आहे बघा.”

मी जन्मतारखांच्या रकान्यात शोधलं. आजची तारीख एकाच नावापुढे होती. रघुनाथ ठाकूर.

“काल संध्याकाळीच बघून ठेवायला हवं होतं,” काका पुटपुटले. “इतक्या वर्षांत वाढदिवसाच्या फोनचे सकाळचे सात कधी चुकले नाहीत.” त्यांनी पडद्यावरून नंबर लावला. चौतीस वर्षं कंप्रेसरच्या गोंगाटात काढल्यामुळे त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

“भावजी, आज लय उशीर केलात,” एका बाईंचा आवाज आला. “सकाळधरनं फोन पुढ्यात घेऊन बसलेय. म्हनलं, आता तुमीपन विसरलात.”

“विसरलो नाय, वहिनी. जरा अडकलो होतो. गोड काय केलंत?”

“खीर. घट्ट. त्यांना घट्टच लागायची.”

“खाल्लीत?”



“येकटीनं काय खायचं, भावजी.”

“वाढून घ्या,” काका म्हणाले. “मी हाय फोनवर. सावकाश खा.”

त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. काकूंनी न सांगता पंखा बंद केला. लांब कुठेतरी, खालापूरकडच्या एका स्वयंपाकघरात, पातेल्यावरचं झाकण काढल्याचा आवाज आला.