मुकुंदराव काळवीट पडत नाहीत

मुलांनो, एका जंगलात ऊन पुष्कळ होतं आणि बर्फ अगदी थोडा. म्हणून त्या जंगलाने राष्ट्रीय खेळ कोणता निवडला असेल? बर्फावरचा नाच.

हसू नका. जंगलातले निर्णय असेच होतात.

जंगलाच्या उत्तरेला एक उंच डोंगर होता आणि डोंगरावर एक तळं. पौषात ते गोठायचं आणि माघ सरता सरता वितळायचं. दर हिवाळ्यात हिमदेशातून राजहंस तिथे उतरायचे. त्यांच्याकडे या खेळाला फिगर स्केटिंग म्हणत. पायांना पात्या बांधायच्या, बर्फावरून घसरत जायचं, मध्येच उडी मारायची, हवेत गिरक्या घ्यायच्या आणि एका पायावर उतरायचं. हे सगळं चेहरा हसरा ठेवून. जंगलात पात्या बांबूच्या करत. नियम राजहंसांचे असल्यामुळे नाचायचं मात्र दोनच पायांवर. चार पायांच्या मंडळींची पहिली काही वर्षं नुसतं उभं राहायला शिकण्यातच गेली.

माद्यांची स्पर्धा वेगळी असायची. ती दरवर्षी नीट पार पडायची, म्हणून तिच्याबद्दल गोष्ट नाही. आपली गोष्ट नरांच्या स्पर्धेची.

नरांमध्ये सगळ्यांत मोठं नाव मुकुंदराव काळवीट यांचं. पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरंशुभ्र, त्यामुळे वेगळा पोशाख शिवावा लागत नसे. ते बर्फावर उतरले की बघणाऱ्यांचं चघळणं थांबायचं. उडी मारायचे, हवेत तीन गिरक्या घ्यायचे आणि झाडावरून पान उतरावं तसे खाली यायचे. शिंगांना जन्मजात पीळ आहे म्हणून त्यांना गिरकी जमते, असं इतर स्पर्धक म्हणायचे. त्यांचे गुरू तात्या साळिंदर म्हणायचे, की मग एडक्याला का जमत नाही?

तात्या स्वतः कधी नाचले नव्हते. पण नजर पक्की होती. शिष्याने छान काही केलं की ते पाठ थोपटायला पुढे यायचे आणि शिष्य दोन पावलं मागे सरायचा. अंगावर काटे असलेल्या गुरूचं प्रेम लांबूनच घ्यावं लागतं.

मुकुंदराव राष्ट्रीय स्पर्धा अनेकदा जिंकले होते. पण एक इच्छा राहिली होती. त्यांना हिमदेशात जायचं होतं. तिथली तळी वर्षभर गोठलेली असतात, असं राजहंस सांगायचे. तिथे जगातले सगळे नर्तक जमायचे. आजवर आपल्या जंगलाला तिथलं निमंत्रण आलं नव्हतं. त्या वर्षी आलं. जागा एकच, राष्ट्रीय विजेत्याची. आणि मुकुंदरावांचे गुडघे आता सकाळी उठताना कुरकुरत होते. यंदा गेलं नाही तर पुन्हा जाणं नाही, हे त्यांना आणि तात्यांना न बोलता ठाऊक होतं.

त्याच वर्षी बर्फनृत्य महासंघाचे अध्यक्ष गवासाहेब अभ्यासदौऱ्यावर हिमदेशात जाऊन आले. दौऱ्यात त्यांना सर्दी झाली होती, त्यामुळे स्पर्धा त्यांनी फारशी पाहिली नाही. पण तिकडे सगळे चार गिरक्या घेतात, एवढं त्यांच्या कानावर पडलं होतं. परत आल्यावर त्यांनी सभा बोलावली. जग चार गिरक्या घेतंय आणि आपण तीनवरच समाधानी आहोत, ही नामुष्की आहे, असं ते म्हणाले. नवा नियम झाला. चार गिरक्यांना तीनच्या दुपटीहून जास्त गुण. उतरताना पडल्यास एक गुण कमी.

आता मुलांनो, तुम्ही हुशार आहात. तुमच्या लक्षात आलंच असेल. जंगलातल्या नरांच्याही आलं. तीन गिरक्या घेऊन नीट उतरण्यापेक्षा चार घेऊन आपटण्यात फायदा होता.

सगळे आपटू लागले. तळ्यावर सकाळपासून धप्प धप्प असा आवाज चालायचा. अस्वलवैद्यांकडे लेपाचा तुटवडा पडला. प्रेक्षकही हळूहळू तयार झाले. जाणकार मंडळी पुढच्या रांगेत बसून मान डोलवू लागली. कोणी कुल्ल्यांवर पडायचं, कोणी खांद्यावर, आणि कोण कोणाच्या परंपरेप्रमाणे पडतो यावर वाद रंगायचे. नीट उतरणाऱ्याकडे पाहून ते म्हणायचे, बरा आहे, पण झोकून देत नाही.

या पडणाऱ्यांचा राजा होता गुणाजी वानर. तरणा, लवचीक आणि कशालाच न भिणारा. चार गिरक्या खरोखर घ्यायचा आणि खरोखर आपटायचा. मनाने सरळ होता. लोक टाळ्या वाजवतात म्हणजे आपलं बरोबर चाललंय, असं त्याला वाटायचं. तुम्हालाही वाटलं असतं.

तात्यांनी मुकुंदरावांना बाजूला घेतलं.

"मुकुंदा, चार घे आणि पड. नियम तसाच आहे."

"चार घेऊन बघतो," मुकुंदराव म्हणाले. "पडायचं मात्र मला शिकवलं नाहीत तुम्ही."

या वयात चौथी गिरकी शिकणं सोपं नव्हतं. मुकुंदराव पहाटे तळ्यावर जाऊ लागले. आधी साडेतीनवरच जमिनीचा मोह व्हायचा. मग चार झाल्या, पण तोल गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते बर्फावर पसरले. त्यांना राग आला नाही. लाज वाटली. आजूबाजूला कोणी नव्हतं, तरी त्यांनी उठून अंग झटकलं आणि इकडेतिकडे पाहिलं. असे बरेच दिवस गेले. एका बाजूचा खूर सुजला. घरी त्यांच्या बायकोने, हरिणीने, विचारलं, की हे सगळं कशासाठी? मुकुंदराव म्हणाले, की एकदा न वितळणारं तळं बघायचंय.  मग रोज पहाटे पात्या तीच घट्ट बांधून देऊ लागली.

आणि एके दिवशी ते झालं. उडी, चार गिरक्या, आणि उजवा पाय बर्फाला असा टेकला की बर्फालाही कळलं नसावं. मुकुंदराव मागे मागे घसरत लांब गेले आणि थांबले.

 तात्या या वेळी पाठ थोपटायला पुढे आले नाहीत. मग म्हणाले,

"स्पर्धेत हेच कर. पण उतरल्यावर थोडासा पड. नावापुरता."

"का?"

"असं कोणी पाहिलेलं नाही, मुकुंदा. न पाहिलेली गोष्ट परीक्षकांना दिसत नाही."

मुकुंदराव हसले. उभं राहता येत असताना पडलो तर पायांना काय सांगू, असं त्यांनी विचारलं. 

स्पर्धेच्या दिवशी अख्खं जंगल डोंगरावर लोटलं. परीक्षक तिघं होते. पहिले स्वतः गवासाहेब. दुसरे कासवअण्णा, यांचा अनुभव दांडगा. तिसरे घुबडशास्त्री, विद्वान म्हणून त्यांना घ्यावंच लागायचं. स्पर्धा भर उन्हात असल्यामुळे शास्त्रीबुवांना काही दिसायचं नाही. पण त्यांचे कान तीक्ष्ण होते. धप्प ऐकू आलं, की चार गिरक्या झाल्या असं ते धरून चालायचे. आजवर चूक निघाली नव्हती. गुण जाहीर करायला सुतारपक्षी होता. जितके गुण तितक्या चोची तो वाळक्या खोडावर मारायचा.

गुणाजी आधी उतरला. चार उड्या मारल्या, चारही वेळा आपटला. शेवटच्या वेळी तो घसरत थेट पहिल्या रांगेत गेला आणि दोन रसिकांना घेऊन आडवा झाला. आडवे झालेले रसिकही टाळ्या वाजवत होते. सुतारपक्षी इतका वेळ टोचत राहिला की खोडाला भोक पडलं.

मग मुकुंदराव आले.

त्यांनी काय केलं हे सांगणं अवघड आहे, मुलांनो. ते फार साधं दिसत होतं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ते गेले, वळले, आणि वळताना त्यांच्या पातीची रेघ बर्फावर वेलीसारखी उमटत गेली. सुजलेला खूर कोणालाच दिसला नाही. मग ते उडाले. चार गिरक्या घेतल्या. उतरले. आवाज झालाच नाही. आणखी एकदा उडाले, आणखी एकदा उतरले. शेवटी तळ्याच्या मधोमध थांबून त्यांनी मान लववली. गर्दी अजून धप्पची वाट बघत होती. कडेला उभी असलेली हरिणी रडत होती. एक पोक्त रानमांजर पण डोळे पुसत होतं, आणि आपण का रडतोय ते त्याला कळत नव्हतं.

परीक्षकांची चर्चा सुरू झाली. घुबडशास्त्री म्हणाले, की आपल्याला काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा स्पर्धक बर्फावर उतरला होता का? कासवअण्णा म्हणाले, की उतरला होता, पण आपण मान वळवेपर्यंत उडी संपली होती. इतक्या लवकर संपली म्हणजे गिरक्या कमीच असणार. गवासाहेबांनी तर्काने प्रश्न सोडवला. जो चार गिरक्या घेतो तो पडतो, हे आज दिवसभर सिद्ध झालं आहे. काळवीट पडलेला नाही. त्याअर्थी त्याने चार घेतलेल्या नाहीत. उलट चार घेतल्याचा भास निर्माण केला, याबद्दल त्यांनी एक गुण कापला.

स्पर्धकांनी निकाल ऐकायला एका ओंडक्यावर बसायचं असायचं. तात्या आणि मुकुंदराव तिथे थोडं अंतर ठेवून बसले होते. सुतारपक्ष्याने टोचायला सुरुवात केली आणि तो लगेच थांबला. चोच दुखली असेल, असं मुकुंदरावांना वाटलं. ते वाट बघत राहिले. मग गर्दी गुणाजीकडे धावली, तेव्हा त्यांना कळलं.

ते उठले नाहीत. त्यांनी पात्या सोडल्या आणि नीट गुंडाळल्या. पहिला नंबर हुकला होता. तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच काट्यांची पर्वा न करता मुकुंदरावांनी तात्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

गळ्यात हार घालून गुणाजी गर्दीतून निसटला आणि ओंडक्यापाशी आला. मुकुंदराव नाचत असताना तो कडेला उभा राहून सगळं बघत होता.

"मुकुंदराव, चार होत्या ना?"

"चार."

"मी मोजल्या," गुणाजी म्हणाला आणि हार काढून हातात धरून उभा राहिला.

तो तसाच परीक्षकांकडे गेला. गवासाहेबांनी त्याला नियम समजावून सांगितला. जिंकलेल्याला तक्रार करता येत नाही, कारण त्याला तक्रार कसली? हरलेल्याला करता येते, पण हरलेला असं म्हणणारच, म्हणून ती ऐकली जात नाही. शिवाय हार घालून झाला आहे आणि फुलं महासंघाची आहेत.

गुणाजी हिमदेशात गेला. महिन्याभराने परत आला तो लंगडत. मुकुंदरावांनी त्याला आधी तळ्याबद्दल विचारलं. गुणाजी म्हणाला, की तळं खरंच वितळत नाही आणि बर्फ निळा दिसतो.  तिकडे सगळे चार गिरक्या घेतात आणि उभे राहतात, असं त्याने सांगितलं. गुणाजी पहिल्यांदा आपटला तेव्हा लोक मदतीला धावले. चौथ्यांदा आपटला तेव्हा एका पेंग्विनबाईंनी त्याला काळजीने विचारलं, की तुमच्या जंगलात हा आजार सगळ्यांनाच आहे का?

"मला उतरायला शिकवाल?" गुणाजीने विचारलं.

मुकुंदरावांनी क्षणभर विचार केला. खोटं कशाला सांगू, त्यांना थोडा हेवा वाटला. निळा बर्फ याने पाहिला होता. पण पडणारा माणूस, म्हणजे वानर, समोर येऊन असं विचारतो तेव्हा नाही म्हणता येत नाही. पुढच्या पौषात दोघं तळ्यावर जाऊ लागले. गुणाजीच्या उडीला उंची होती, मुकुंदरावांकडे पाय कसा टेकवायचा याची कला होती. तात्या दोघांनाही लांबून शाबासकी द्यायचे.

स्पर्धा आली, हिमदेशाचं निमंत्रणही पुन्हा आलं. बर्फावर जाण्याआधी तात्यांनी गुणाजीला दोन्ही बाजू सांगितल्या. पडलास तर हिमदेश, उभा राहिलास तर ओंडका. पडायचं तुला येतंच, असंही म्हणाले. 

गुणाजीने चार गिरक्या घेतल्या आणि उभा राहिला. मग पुन्हा. आणि पुन्हा. गर्दीतून कोणी तरी निराश होऊन म्हणालं, की गुणाजीचा जोर गेला. सुतारपक्ष्याने चार-दोन टोचे मारले. पहिला नंबर एका रानडुकराला मिळाला. त्याने एकसुद्धा उडी मारली नव्हती. तो आला आणि थेट पडला, पण घुबडशास्त्रींच्या मते असा आवाज आठ गिरक्यांखेरीज येणं शक्य नव्हतं. जंगलाचा विक्रम झाला.

गुणाजी ओंडक्यावर मुकुंदरावांच्या शेजारी बसला होता. त्याचा श्वास अजून चढलेला होता.

"वाईट वाटतंय?" मुकुंदरावांनी विचारलं.

"पडलो असतो तर तिकडे गेलो असतो," गुणाजी म्हणाला. "पण तिकडे जाऊन काय केलं असतं? पुन्हा पडलोच असतो ना."

समोर रानडुकराची मिरवणूक निघाली होती. त्याला उचलायला सहा रेडे लागले. मिरवणूक लांब गेली आणि तळं रिकामं झालं, तसे मुकुंदराव उठले आणि पात्या बांधू लागले. बर्फ अजून काही दिवस टिकणार होता.

तात्पर्य, जे तुमच्या पुस्तकात छापायला महासंघाने मंजुरी दिली आहे: मुलांनो, आयुष्यात पडायला घाबरू नका. फक्त परीक्षकांना ऐकू जाईल एवढ्या जोरात पडा. गुपचूप उभं राहणाऱ्याने नेमकं काय केलं, हे शेवटी त्याचं त्यालाच माहीत असतं, आणि त्याला कुठलंही जंगल हार घालत नाही.