तीन सेकंदांची ओळ

"या ऑफिसात आता एकही वाकडी ओळ सापडणार नाही. सापडली तर मिशी काढून देईन," असं मास्तरांनी भर बैठकीत सांगून टाकलं. मास्तरांना मिशी नव्हती, हा भाग वेगळा. पण बोलण्यात जोर असा होता की दोघा-तिघांना ती दिसलीसुद्धा.

हे मास्तर काही शाळेतले नव्हेत. लिफ्ट चालवणारे प्रोग्राम लिहिणाऱ्या एका कंपनीत ते मोठ्या हुद्द्यावर होते. दुसऱ्यांचा कोड कागदावर छापून घ्यायचे आणि तांबड्या पेनाने तपासायचे, म्हणून मास्तर. त्यांच्या आधी तिथला कोड म्हणजे प्रवासाहून आल्यावर उघडलेली बॅग. मोजा कुठे, दाढीचं सामान कुठे, काही पत्ता नाही. एकाने एका आकड्याचं नाव 'तात्पुरतं' ठेवलं होतं, दुसऱ्याने 'तात्पुरतं२', आणि तिसऱ्याने 'हेचशेवटचं'. मास्तरांनी दोन वर्षं खपून 'स्वच्छ कोडचे चौसष्ट नियम' असं पुस्तक केलं. ओळ ऐंशी अक्षरांच्या आत हवी. समासात मोकळ्या जागा सोडायच्या त्या चारच. नुसता आकडा लिहायचा नाही, त्याला अर्थ सांगणारं नाव द्यायचं. आणि कमेंट, म्हणजे कोडच्या शेजारी माणसांसाठी लिहायची टीप, तिने 'काय' नाही, 'का' ते सांगायचं.

खोटं कशाला बोला, नियम चांगले होते. पण नुसत्या नियमांवर मास्तरांची भूक भागेना. त्यांनी एक पहारेकरी बसवला. पहारेकरी म्हणजे माणूस नव्हे, तोही प्रोग्रामच. नवी ओळ आली की तो चौसष्ट नियम लावून बघणार, एक जरी मोडला तरी परत पाठवणार. पूर्वी घाईच्या वेळी त्याला वळसा घालून जायची एक वाट होती. तीही मास्तरांनी गेल्या महिन्यात बुजवली. "आणीबाणीचं नाव सांगूनच घाण आत येते," ते म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी डबा दुप्पट चवीने खाल्ला.

तर त्या दिवशी काय होतं, ऐका. दुपारी बारा वाजता विभागाच्या प्रमुख बाई ठरवणार होत्या की मास्तरांचं पुस्तक कंपनीच्या पाचही कचेऱ्यांना लागू करायचं की नाही. दोन वर्षांची मेहनत, एका 'हो'वर लटकलेली. आणि नेमक्या त्याच दिवशी मास्तरांनी सासूबाईंनाही बोलावलं. सासूबाई इस्पितळात चाळीस वर्षं मुख्य परिचारिका होत्या. त्यांच्या मते जावई दिवसभर खुर्चीत बसतो आणि घरी आल्यावर बसून बसून दमलो म्हणतो. त्यांना एकदा आपलं काम दाखवायचंच, असं मास्तरांनी ठरवलं होतं.

सकाळी शेवटचा हात फिरवताना मास्तरांना इमारतीतल्याच लिफ्टच्या कोडमध्ये एक जुनाट ओळ दिसली. 'थांब ३'. शेजारी कमेंट होती, 'काढू नये'. मास्तरांचा चेहरा पांढऱ्या चादरीवर झुरळ दिसल्यासारखा झाला. नुसता आकडा, नाव नाही, कारण नाही. त्यांनी ओळ काढली. काढायला पहारेकऱ्याची हरकत नसते. मंजुरी धाकटीने दिली. धाकटी म्हणजे विभागातली सगळ्यात नवी मुलगी. ती म्हणाली, "सर, 'काढू नये' लिहिलंय."

"का ते लिहिलंय का?"

"नाही."

"मग झालं तर."

धाकटीने बटण दाबलं, कारण मास्तर पाठीशी उभे होते.

साडेअकराला सासूबाई आल्या. बाई स्वतः त्यांना घ्यायला खाली गेल्या. सकाळची गर्दी सरली की लिफ्ट खाली दार उघडं ठेवून उभी असे, त्या दोघी तीत शिरल्या. मास्तर खुर्च्या नीट लावून सहाव्या मजल्यावर लिफ्टसमोर शर्ट खोचून उभे राहिले. लिफ्ट आली. दिवा लागला. दार उघडलं नाही. दिवा गेला आणि लिफ्ट खाली निघाली.

"विसरल्या असतील काहीतरी," मास्तर म्हणाले.

लिफ्ट पुन्हा आली. दिवा लागला, विझला, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मास्तरांना सकाळची ओळ आठवली. त्यांनी भिंतीवरच्या इंटरकॉमचं बटण दाबलं.

"आई, ठीक आहात ना?"

"ठीक आहे. पण जावईबापू, ही थांबते आणि दार न उघडताच निघते. पाहुणी नको असेल तर तसं सांगायचं होतं."

मागून बाईंचा आवाज आला. "मास्तर, आमची चौथी फेरी सुरू आहे. माझा चष्मा टेबलावर राहिलाय आणि बारा वाजता माझी बैठक आहे. तुमचीच."

लिफ्टचा मेकॅनिक वर आला. तो या इमारतीत लिफ्टइतकाच जुना. "साहेब, वीज बंद केली तर लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकेल. मग शिडी लावून काढावं लागेल."

"शिडी नको," इंटरकॉममधून सासूबाई म्हणाल्या. "गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय माझं. त्यापेक्षा मी फिरते."

"आणि साहेब, ते दाराचं म्हणाल तर..." मेकॅनिक सांगू लागला.

"जरा थांबा. हे कोडचं काम आहे." मास्तर लॅपटॉप मांडीवर घेऊन जमिनीवरच बसले. आता काही लपवण्यात अर्थ नव्हता. सकाळची ओळ परत टाकायची, संपला विषय. त्यांनी 'थांब ३' लिहून पाठवलं. पहारेकऱ्याला तपासायला चार मिनिटं लागत. चार मिनिटांनी उत्तर आलं: नाकारलं. नुसता आकडा.

मास्तरांनी त्या तीनला नाव दिलं. 'दार उघडण्यापूर्वी लिफ्टने मजल्यावर थांबण्याचे सेकंद'. आणखी चार मिनिटं. नाकारलं. ओळ ऐंशी अक्षरांच्या पुढे गेली.

ओळ मोडली. नाकारलं. मोडलेल्या ओळीआधी मोकळ्या जागा पाच.

"कोणी केले हे नियम?" मास्तर कपाळाचा घाम पुसत ओरडले.

धाकटी खिडकीतून बाहेर बघू लागली. तिच्या नोकरीला तीन महिनेच झाले होते.

तेवढ्यात दिवा लागून गेला आणि दारामागून सासूबाईंचा आवाज वर आला, तसाच खाली गेला. एक मोकळी जागा पुसायला मास्तरांचं तीनदा बोट चुकलं. डोळ्यांसमोर बायको दिसायला लागली. आईला ऑफिस दाखवायला नेलं होतं ना, मग आई कुठे आहे, असं विचारणारी.

जागा चार केल्या. नाकारलं. कमेंटमध्ये 'का' ते नाही.

मास्तरांचे हात थांबले. तीन सेकंद का थांबायचं, हे त्यांना कुठे माहीत होतं? धाकटी हळूच म्हणाली, "सर, 'माहीत नाही' लिहायचं का?"

"नाही चालणार. 'माहीत नाही', 'नंतर बघू', 'चालतंय तर चालू द्या', असे अठ्ठावीस शब्दप्रयोग मीच बाद करून ठेवलेत."

"साहेब, मी काय म्हणतो..." मेकॅनिक.

"अहो थांबा ना जरा, इथे जीव टांगणीला लागलाय."

मेकॅनिक भिंतीला टेकून उभा राहिला.

मग मास्तरांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. त्यांनी ठोकून दिलं. कमेंट लिहिली, 'यंत्रणेच्या प्रतिसादात्मक अस्थिरतेच्या निराकरणार्थ विलंब अनिवार्य.' चार मिनिटं गेली. पहारेकरी खूश झाला. स्वीकारलं.

उरली मंजुरी. लिफ्टमध्ये माणसं असताना तिच्या कोडला हात लावायचा तर मंजुरी बाईंचीच लागे. हाही मास्तरांचाच नियम, आणि शहाणपणाचा नियम. बाईंच्या फोनवर तो बदल गेला. पण चष्मा टेबलावर.

"आई," बाईंचा आवाज इंटरकॉमवर आला, "तुम्हीच वाचता का जरा मोठ्याने?"

सासूबाईंनी वाचलं.

"जावईबापू, याचा अर्थ काय?"

"आई, ते तांत्रिक आहे. बाईंना बटण दाबायला सांगा फक्त."

"अर्थ सांगा म्हणजे सांगते."

मास्तरांनी तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवलं.

"तुम्हालाच माहीत नाही," सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी शांत. वॉर्डातल्या पोरी याच आवाजाला घाबरायच्या. "चाळीस वर्षं मी रात्रपाळीसाठी कागद लिहून ठेवले. अमुक पेशंटला अमुक औषध देऊ नका, आणि का देऊ नका. रात्री मी घरी असणार. जी हजर असेल तिला ते कळायला हवं. हे कोणाला कळणार?"

"आईंना कळत नाही, तर मलाही मंजूर करता येत नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्याच पुस्तकात आहे, मास्तर. वाचणाऱ्याला समजेपर्यंत मंजुरी नाही."

"अहो पण बाई, तुम्ही आत आहात!"

"ते माझ्या लक्षात आलंय."

मास्तरांनी डोकं भिंतीला टेकलं. ते टेकलं नेमकं मेकॅनिकच्या शेजारी. दोघांची नजरानजर झाली.

"बोलू आता?" मेकॅनिक म्हणाला.

"बोला हो."

"दारात माणूस आहे का बघणारा सेन्सर जुना आहे. लिफ्ट थांबल्यावर त्याला जागं व्हायला तीन सेकंद लागतात. त्याआधी विचारलं तर तो उत्तरच देत नाही. मग प्रोग्रामला वाटतं दार बिघडलंय, आणि लिफ्ट पुढे निघते. ते तीन सेकंद मीच मोजून सांगितले होते, दहा वर्षांपूर्वी. लिहिणाऱ्याला म्हटलं, का ते पण लिहा. तो म्हणाला, जागा नाही."

मास्तरांनी ते त्याच्याच शब्दांत, दोन ओळींत लिहिलं. 'दाराचा सेन्सर जुना आहे, जागा व्हायला तीन सेकंद लागतात. त्याआधी विचारलं तर लिफ्ट दार न उघडता निघून जाते.' चार मिनिटं गेली. ती चार मिनिटं मास्तरांना अजून सलतात. पहारेकऱ्याने स्वीकारलं. लिफ्टमध्ये सासूबाईंनी वाचलं, "हं, आता कसं," म्हणाल्या, आणि बाईंनी बटण दाबलं.

लिफ्ट सहाव्या मजल्यावर आली. दिवा लागला. एक, दोन, तीन, आणि दार उघडलं. सासूबाई बाहेर आल्या, पदर सारखा केला आणि पहिल्यांदा मेकॅनिकला नमस्कार केला.

बारा वाजून दहा मिनिटांनी बैठक झाली. मास्तर मान खाली घालून बसले होते. पण बाई म्हणाल्या, "पुस्तक चांगलं आहे. पाचही कचेऱ्यांत जाईल." मास्तरांची मान वर आली. "फक्त त्याआधी एकदा आईंनी वाचावं, असं मला वाटतं. त्यांना समजलं की पाठवू."

सासूबाई मास्तरांकडेच उतरल्या होत्या; पुस्तक त्यांनी घरी नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला बसताना परत दिलं. चौसष्टपैकी तीन नियमांपुढे बरोबरची खूण होती. बाकीच्या एकसष्टांपुढे पेन्सिलीने, सुरेख अक्षरात, एकच शब्द लिहिला होता: 'का?'

"सावकाश सांगा," सासूबाई म्हणाल्या. "मी आहे इथेच. पहिल्यापासून घेऊ या. समासात मोकळ्या जागा चारच का? तीन का नकोत?"

मास्तरांच्या तोंडात घास होता. ते विचार करू लागले. आता तुमचा विश्वास बसणार नाही, पण त्यांच्या बायकोनेच मला सांगितलं, तो घास अजून तोंडातच आहे.