छोटी चाकं आणि टकल्याचा फेटा

एका जंगलात, जिथे झाडांपेक्षा समित्या जास्त होत्या, तिथे एक ट्रक होता.

बाळांनो, हल्ली दिसतात तसला गुळगुळीत ट्रक नव्हे. हा जुना. नाक पुढे काढलेला, शेवाळी रंगाचा, खोकत खोकत सुरू होणारा. माणसांनी तो म्हणे लढाईसाठी केला होता. लढाई कोण जिंकलं ते कुणालाच माहीत नाही, पण ट्रक जंगलाला मिळाला. त्याची चाकं एवढी मोठी होती, की शेजारी भेकर उभं राहिलं तर चाक थेट त्याच्या कानापर्यंत यायचं.

भेकर म्हणजे काय, हे ठाऊक आहे ना? भित्रं हरीण. जरा पान हललं की ते कुत्र्यासारखं भुंकतं. आपल्या गोष्टीत असंच एक भेकर आहे. तिचं नाव मृदुला. तिला एक पाडस होतं, इवली नावाचं, आणि इवली झाल्यापासून मृदुलाचं भुंकणं तिप्पट झालं होतं. इवलीला शिंक आली की ती भुंकायची. शिंक आली नाही तरी भुंकायची, की आज शिंक कशी आली नाही. मृदुला शिकलेली होती, त्यामुळे आपण उगाच भुंकतो हे तिला कळायचं. कळून उपयोग काही नव्हता. आधी भुंकायचं आणि मग दिवसभर लाजायचं, असं तिचं चालायचं.

शाळा ओढ्याच्या पलीकडे होती. रोज सकाळी ट्रक अकरा पिल्लांना घेऊन ओढ्यातून पलीकडे जायचा. ट्रक चालवायचं हैबती नावाचं म्हातारं अस्वल. तो शाळा शिकला नव्हता, पण ओढा त्याला पाठ होता.

ओढ्याच्या मधोमध एक गुळगुळीत धोंडा होता. सगळे त्याला टकल्या म्हणायचे. हैबती रोज ट्रक काठावर थांबवायचा, खाली उतरायचा, डोळ्यांवर पंजा धरून बघायचा. पाण्याच्या वर टकल्याची टाळू दिसली, की गाडी पाण्यात घालायची. टाळू बुडाली, की शाळेला सुट्टी. हा नियम हैबतीच्या आजोबांनी केला होता. तेवढ्या नियमावर जंगलातली तीन पिढ्यांची पिल्लं शिकून शहाणी झाली होती. निदान शिकून तरी झाली होती.

आता गोष्टीत मोर येतो. चित्ररथ मोर, विकास समितीचा अध्यक्ष.

एकदा शाळेच्या समारंभाला चित्ररथसाहेब ट्रकमधून निघाले. केबिनची पायरी उंच. साहेबांनी एक पाय वर टाकला, पिसारा खाली अडकला, आणि साहेब पाठीवर पडले. पिल्लं हसली. इवली जरा जास्तच हसली. मृदुलाने तिला डोळ्यांनी दटावलं, पण उशीर झाला होता.

दुसऱ्याच दिवशी समितीची बैठक झाली.

"ट्रक जुनाट आहे," साहेब म्हणाले. "शेजारच्या जंगलातल्या गाड्या बघा. कशा जमिनीलगत! आपली चाकं बैलगाडीच्या काळातली. लहान चाकं बसवा."

हैबती मागे उभा होता. तो म्हणाला, "साहेब, इंजिन मोठं हाय, धूड मोठं हाय. चाकं लहान कशी चालतील?"

"हैबतीकाका, तुम्ही किती शिकलात?"

हैबती पान्हा आणायला गेला.

चाकं बसली. मोठी चाकं समितीच्या अंगणात आडवी टाकून त्यांत झेंडू लावला. ट्रक आता कसा दिसायचा, सांगू? पैलवानाने बाळाचे बूट घालावेत तसा. पण साहेबांना पायरी चढता येऊ लागली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग चमत्कार झाला. पूर्वी ट्रकच्या मीटरचा काटा चाळीसच्या पुढे जायचा नाही. आता तो साठवर जाऊ लागला!

"बघितलंत?" साहेबांचा पिसारा आपोआप उघडला. "वेग दीडपट!"

जंगलभर पाट्या लागल्या. 'चाळीसकडून साठकडे.' काटा दाखवायला पाहुणे येऊ लागले.

एकाच गोष्टीचा मेळ बसत नव्हता. पिल्लं शाळेत पोहोचायची मात्र पूर्वीच्याच वेळेला.

"घड्याळं जुनी झालीत," साहेब म्हणाले. "पुढच्या बैठकीत घड्याळं घेऊ."

त्या संध्याकाळी इवली घरी येऊन म्हणाली, "आई, शाळा लांब गेली का गं?"

"का?"

"आधी मीटरवर सहा किलोमीटर व्हायचे. आता नऊ होतात."

मृदुला चालता चालता थांबली. मग पुन्हा चालू लागली, आणि या वेळी तिने खाली पाहिलं. ती दोन पावलं टाकत होती, तेवढ्यात इवली तीन टाकत होती. दोघी जात होत्या बरोबरच. पण इवलीला पावलं मोजायला लावली असती, तर इवली आईपेक्षा दीडपट चालली असती.

"अगं बाई!" मृदुला म्हणाली. चाक लहान म्हणजे पाऊल लहान. काटा पावलं मोजतोय. वाट कुठे मोजतोय?

आणि मग तिला दुसरी गोष्ट सुचली. ती ट्रकजवळ जाऊन उभी राहिली. पूर्वी कानापर्यंत येणारं चाक आता तिच्या छातीपर्यंत येत होतं. म्हणजे ट्रकचं पोट चांगलं वीतभर खाली आलं होतं. टकल्या मात्र होता तिथेच होता. टाळू दिसते म्हणून गाडी घातली, तर पाणी पूर्वीपेक्षा वीतभर वर येणार. आणि खालचे धोंडे?

ती भुंकली. अर्थात, कुणी वळूनही पाहिलं नाही.

म्हणून तिने रीतसर अर्ज लिहिला. तीनदा खोडून लिहिला. पहिल्यांदा फार रागाचा वाटला, दुसऱ्यांदा फार रडका. शेवटी एवढंच लिहिलं: 'चाकं लहान झाली आहेत, तरी टकल्याची खूण बदलावी. आता नुसती टाळू दिसून पुरणार नाही, निदान कपाळ तरी दिसायला हवं. चूकभूल द्यावी घ्यावी.' हे शेवटचं वाक्य तिने सवयीने लिहिलं.

समितीने अर्जाची तातडीने दखल घेतली. बाळांनो, समित्या काही करत नाहीत असं म्हणू नये. कधी कधी त्या करतात.

"बाईंचं म्हणणं असं, की टकल्या पुरेसा दिसत नाही," साहेब म्हणाले. "रास्त आहे. टकल्याची आजवरची सेवा लक्षात घेता आपण त्याचा जाहीर सत्कार करू. फेटा बांधू. दगडी!"

वाजतगाजत सत्कार झाला. टकल्याच्या डोक्यावर दुसरा धोंडा बसवला, चुन्याने पक्का केला, भगवा रंग दिला, वर तुराही काढला. आता ओढ्याला कितीही पाणी येवो, टकल्या दिसणार म्हणजे दिसणारच. शाळेला पाण्यापायी सुट्टी ही गोष्टच संपली. त्याचीही पाटी लागली.

आठवड्याभरात वरच्या डोंगरात पाऊस झाला. खाली जंगलात ऊन होतं, पण ओढा गढूळ होऊन फुगला होता. सकाळी अकरा पिल्लं ट्रकमध्ये चढली. केबिनमध्ये स्वतः चित्ररथसाहेब बसले होते, कारण शाळेत 'वेग' या विषयावर त्यांचं भाषण होतं. काठावर आया उभ्या होत्या.

हैबती खाली उतरला. डोळ्यांवर पंजा धरला. बराच वेळ धरला.

"काका," मृदुला जवळ जाऊन म्हणाली, "तो फेटा दिसतोय. टाळू कुठाय?"

हैबतीने मान खाजवली. "टाळू नाय दिसत, पोरी."

"काय चाललंय?" केबिनमधून आवाज आला. "हैबतीकाका, नियम काय आहे?"

"टकल्या दिसला की गाडी घालायची."

"दिसतोय?"

"दिसतोय तसा."

"मग?"

मृदुला ट्रकच्या मागच्या बाजूला धावली. "इवली, खाली उतर."

"आई, परत?" इवलीने डोळे मिटून घेतले. बाकीची पिल्लं खिदळली.

"मृदुला, सोड की तिला," सगुणा साळिंदर म्हणाली. "माझी दोन नाहीत का आत? मागच्या महिन्यात तू तिला खारीच्या खोकल्यावरून उतरवलंस. त्याआधी ढगावरून. ढगावरून, मृदुला! तो ढगसुद्धा लाजला असेल."

आया हसल्या. मृदुलाही हसली, कारण ते खरंच होतं. कदाचित ती या वेळीही उगाच घाबरत असेल. कदाचित तिचा हिशोबच चुकला असेल. शाळेत तिला गणितात काही फार गुण नव्हते. एवढे सगळे शांत आहेत, साहेब स्वतः गाडीत आहेत, म्हणजे काहीतरी विचार केलाच असेल ना?

तिने पाय मागे घेतला. तिच्या आयुष्यात न भुंकल्याची ती पहिलीच वेळ.

ट्रक पाण्यात गेला. ओढ्याच्या मध्यावर, टकल्याच्या शेजारी, खालून दगडावर लोखंड बसल्याचा आवाज आला. ट्रकचं पोट धोंड्यावर टेकलं आणि मागची चाकं पाण्यात गरागरा फिरू लागली. ट्रक जागचा हलेना.

साहेबांचं लक्ष काट्याकडे होतं. "साठ!" ते म्हणाले. "शाब्बास! पोहोचतोच आता."

"साहेब, गाडी हुबी हाय."

"काका, काटा बघा."

"साहेब, भाईर बघा."

तेवढ्यात केबिनच्या दारातून पाणी आत आलं. साहेबांनी बाहेर पाहिलं, पंख उघडले, आणि ते खिडकीतून उडाले. थेट पलीकडच्या जांभळीवर. मोराला उडता येतं, हे जंगलाला त्या दिवशी आठवलं.

पिल्लांना उडता येत नव्हतं. पाणी त्यांच्या पायांशी आलं, मग पोटाशी. मृदुला भुंकली. गळा फाटेपर्यंत भुंकली. जंगलात सगळ्यांनी ऐकलं, आणि सगळे म्हणाले, "मृदुलावहिनी उठल्या वाटतं."

हैबतीने गाडी बंद केली नाही. बंद केली तर इंजिनात पाणी शिरेल हे त्याला माहीत होतं. तो केबिनच्या टपावरून मागे गेला. तिथे ट्रकची स्टेपनी बांधलेली होती, बाराव्या पिल्लासारखी सगळ्यांच्या मागे, कुणाच्या लक्षात न आलेली. समितीने सहा चाकं बदलली होती. सातवं विसरली होती. ते अजून मोठंच होतं.

हैबतीने ते सोडवलं, पाण्यात लोटलं. मोठं चाक टम्म हवेने भरलेलं; ते तरंगलं. त्याने त्याला दोन दोर बांधले. एक स्वतःच्या कमरेला गुंडाळला, दुसरा काठाकडे भिरकावला. दोर पाण्यात पडला.

मृदुला पाण्याला भिते. तसं म्हटलं तर ती कशाला भीत नाही? ती भीतभीतच आत शिरली, छातीपर्यंत, मग मानेपर्यंत. दोर दातांत धरला आणि मागे फिरली. काठावर सगुणाने तो पकडला, तिच्यामागे सशीण, तिच्यामागे बाकीच्या आया. सगुणा आता हसत नव्हती. तिचे काटे उभे राहिले होते.

चाकावर बसून दोन खेपांत अकरा पिल्लं काठावर आली, आणि मागोमाग हैबती. मृदुलाने तिसऱ्यांदा मोजली तेव्हा तिला अकरा आहेत यावर विश्वास बसला. मग तिने इवलीला चाटायला सुरुवात केली.

"घाबरलीस का गं?"

"नाही," इवली म्हणाली. "तू भुंकत होतीस ना. मला वाटलं, रोजचंच आहे."

मृदुलाला यावर हसावं की रडावं ते कळेना. तिने दोन्ही थोडं थोडं केलं.

आठ दिवसांत चौकशीचा अहवाल आला. अहवालात म्हटलं होतं: टकल्या घटनेच्या वेळी स्पष्ट दिसत होता, सबब नियमाचा भंग झालेला नाही. ट्रक डिझेल संपेपर्यंत ओढ्यात चालू होता आणि त्या एका दिवसात मीटरवर एकशे दहा किलोमीटर झाले. हा जंगलाचा विक्रम आहे. एक गंभीर त्रुटी मात्र आढळली. स्टेपनी इतर चाकांपेक्षा मोठी होती. ती तत्काळ बदलून लहान बसवण्यात आली आहे.

शेवटी, सौ. मृदुला भेकर यांच्या जागरूकतेबद्दल त्यांचा जाहीर सत्कार.

मृदुला जाणार नव्हती. आया तिला ओढून घेऊन गेल्या. टाळ्या वाजल्या, आणि साहेबांनी स्वतः तिला भगवा फेटा बांधला. फेटा मोठा होता. तो तिच्या कानांवरून खाली घसरला, आणि तिला टाळ्या ऐकू येईनाशा झाल्या. साहेबांची चोच हलताना तेवढी दिसत होती. फेट्याच्या आतून मृदुलाला एकदम टकल्याची आठवण झाली. पाणी डोक्यावरून गेलं तरी आता आपणही सगळ्यांना छान दिसत राहू.

दुसऱ्या दिवशी तिने फेटा सोडला. कापड चांगलं लांब होतं. एक टोक स्वतःच्या गळ्यात बांधलं, दुसरं इवलीच्या. दोघी ओढ्याच्या वरच्या अंगाला गेल्या, जिथे पाणी खुरांपुरतं असतं, आणि तिथून चालत शाळेत निघाल्या. तासभराची वाट. मृदुलाची दोन पावलं, इवलीची तीन.

थोडं पुढे गेल्यावर मृदुलाने मागे पाहिलं. कापडाच्या मधल्या भागाला धरून सगुणाची दोन पोरं चालत होती. त्यांच्या मागे सगुणा होती, दुसरीकडेच कुठेतरी बघत.

"आम्ही आपलं सहज निघालो," ती म्हणाली. "हवा चांगली आहे ना."

मृदुलाने आभाळाकडे पाहिलं. तिथे एक ढग होता. ती थोडीशी भुंकली.

या वेळी मागची तिघंही लगेच थांबली.

तात्पर्य: बाळांनो, चाकं लहान केली की वेग वाढतो. वाढला नाही असं वाटलं, तर खिडकीबाहेर पाहू नये, काट्याकडे पाहावं. आणि काट्याकडे बघत प्रवास करायचा असेल, तर आधी उडायला शिकून घ्यावं.