काचेच्या कपाटातली पाटी

आमच्या शेजारच्या वानखडे सरांचं दूध आमच्या फ्रीजमध्ये असतं. त्यांच्या फ्रीजमध्ये सागाची पानं! मेळघाटातला कोणता साग कोणत्या सागाचा भाऊ, हे पानांतल्या जनुकांवरून शोधायचा त्यांना नाद. वहिनींनी एकदा कोथिंबिरीपुरती जागा केली, तर सर खवळले, "माया सागाले गर्दी काहून करून राहिली?"

अमरावतीच्या एकाच कॉलेजात आम्ही शिकवतो. मी गणित, ते वनस्पतिशास्त्र. माणसाशी गोड बोलणं त्यांना ठाऊकच नाही. प्राचार्यांना तोंडावर म्हणाले, "तुमी शोभेचं झाड आहा साहेब. ना फळ, ना सावली."

यंदा धारणीची सुनीता त्यांच्या वर्गात आली. तिला दिसत नाही. सगळे म्हणाले, आर्ट्सला पाठवा. सरांनी मात्र सुट्टीभर खपून तिच्यासाठी एक लाकडी पाटी बनवली. जनुकाच्या चार अक्षरांचे चार आकारांचे ठोकळे. जोडी बरोबर लागली की पाटी "शाब्बास" म्हणते, चुकली की खेकसते. दोन्ही आवाज सरांचेच. सुनीता भराभर शिकली.

मग तपासणी समिती आली आणि पाटीवर खूश झाली. झालं! प्राचार्यांनी पाटी काचेच्या कपाटात ठेवून कुलूप ठोकलं. वर चिठ्ठी डकवली, 'हात लावू नये'. अरे, हातानंच वाचायची वस्तू ती! कपाळ बडवायचं, दुसरं काय?

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी किल्ली प्राचार्यांच्या खिशात, आणि प्राचार्य अकोल्याला, ह्याच पाटीवर भाषण ठोकायला. फोन बंद. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "साधन नाही तर परीक्षा नाही. गैरहजर लिहितो." म्हणजे पोरीचं वर्ष बुडालं. मी हातापाया पडलो, ऐकेनात. सरांनी स्टूल उचललं, काचेवर घालायला. खडखडाटावरून सुनीतानं ओळखलं.

"नका सर. काच लागंल तुमाले."

सर त्याच स्टुलावर बसले. तिचा तळहात पुढं घेतला आणि बोटानं त्यावर आकार काढायला लागले.

"हा गोल. याले कोण लागते?"

"चौकोन."

"अन् हा त्रिकोण?"

एकदाही चुकली नाही. जन्मभर खेकसणारा हा माणूस ढसाढसा रडत होता आणि रडतरडत प्रश्न विचारत होता. परीक्षकांनी तिकडं गैरहजर लिहिलं, सही केली, पिशवी उचलली. मला असा संताप आला, पण सरांना पत्ताच नव्हता. त्यांची मान खालीच होती.

"ते गेले, सर," सुनीताच म्हणाली. हात मात्र तिनं तसाच ठेवला. "तुमी विचारा."